सव्वीस उंदीर

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी भावनाने शेवटचा, सव्विसावा उंदीर विंचरला. बेशुद्ध उंदराच्या पाठीवरून बारीक फणी फिरली. खालच्या ट्रेमध्ये थोडी पांढुरकी धूळ पडली. पिसू एकही नाही.

तेल्हाऱ्याजवळच्या या गावात महिन्याभरात चौघांना अंगावर पुरळ आणणारा ताप आला होता. रानउंदरांवरच्या झेनोप्सिला प्रजातीच्या पिसवा तो माणसापर्यंत आणत असाव्यात, असा डॉक्टर शेखर यांचा संशय. म्हणून अकोल्याहून कीटकतज्ज्ञ भावना आली होती. गावातला शेतकरी देवमन संध्याकाळी कपाशीत सापळे लावायचा आणि पहाटे उंदीर कापडी पिशव्यांत भरून घरी आणायचा. तिथून ते शाळेच्या ओसरीवर, भावनाकडे. तीन दिवस हेच चाललं होतं.

देवमनची सहा वर्षांची नात आकांक्षा पाच दिवसांपासून दवाखान्यात होती. पिसवा सापडल्या तर तिचं औषध बदलायचं, नाहीतर साधा ताप समजून घरी सोडायचं, असं ठरलं होतं.

"काय निंगलं बाई?" देवमनने विचारलं.

"काहीच नाही, काका. एवढ्या उंदरांवर एकही पिसू नाही. मी असं कधी पाहिलं नाही."

"आमच्या गावचे उंदीर सोवळ्यातले हायेत," देवमन हसला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे पोरीले काई मोठं नाई ना?"

भावनाने दोन उंदीर पुन्हा विंचरले. मग डॉक्टरांना फोन केला.

"शून्य."

"पक्कं?"

"पिशव्याही उलटून पाहिल्या. स्वच्छ आहेत."

"मग सोडतो तिला."

आकांक्षाची आई बाळंतपणासाठी माहेरी, चांदूर रेल्वेला होती. नऊ वाजता तिचा बाप बंडू तापलेल्या लेकीला मांडीवर घेऊन अकोल्याच्या एसटीत बसला. तिथून पुढे रेल्वे.

भावना सामान आवरत होती तेव्हा देवमनची बायको पार्बताबाई चहा घेऊन आली.

"बाई, तुमाले काई चावलं तं नाई ना?"

"नाही हो. का?"

"मंग झालं. म्या ह्याहिले म्हणलं, शयरातली पोरगी हाय, असे बुजबुजलेले उंदीर कावून देता तिच्या हातात? हे आंगोयीले गेले का मी बैलाच्या गोचिडाची पावडर पिशवीत टाकून हालवत होती. रोज. लाह्यावानी टपटप पडत होत्या पिसवा. मंग उंदीर धुतल्या पिशवीत भरून देत होती."

भावनाने बंडूचा नंबर फिरवला. दुपारी दोनपर्यंत तो सतरा वेळा फिरवला. फोन बंद होता.