अस्सलपणाचा दाखला

"दिवे नवे आहेत, आधीच सांगते. सीटांचं कातडंही. लिहून घ्या."

मालकीणबाईंचा स्वर करारी होता. मोटारमंडळाच्या तपासनिसांनी निमूटपणे टिपून घेतले. गॅरेजच्या मध्यभागी ती जुनी, लाल, बुटकी स्पोर्ट्स कार निद्रिस्त श्वापदासारखी पहुडली होती. घाटशर्यतीत भाग घेणाऱ्या प्रत्येक गाडीची मंडळ आधी तपासणी करी, आणि शर्यत रविवारी होती. बाईंच्या दिवंगत पतीने उभा जन्म या गाडीच्या सेवेत वेचला. तिला घाट चढवण्याचे तेवढे राहून गेले. ते पूर्ण करण्याचा बाईंनी पण केला होता.

दाराशी धाकटा दीर हाताची घडी घालून उभा होता.

"वहिनी, कशाला शोभा करून घेताय? दादानं भंगारातून जोडलेलं खेळणं हे. गाढवाला पट्टे ओढले म्हणून त्याचा झेब्रा होतो का?"

"भावजी, तुम्ही गप्प बसा. त्यांना बघू द्या."

तपासनीस सौम्यपणे म्हणाले, "बाई, दरवाजे, बॉनेट बदललं तरी चालतं. सांगाड्यावर कारखान्याचा मूळ नंबर आहे का, तेवढं आम्ही बघतो. तो असेल तर गाडी अस्सल. नसेल तर कितीही देखणी असो, आमच्या लेखी नक्कल."

"खाली सगळं ग्रीस आहे. हात खराब होतील तुमचे."

"हात काय, धुता येतात." आणि ते गाडीखाली शिरले.

दीर हसला. "आता पितळ उघडं पडणार!"

"पडू दे. मी कुणापुढे मान खाली घालणार नाही."

चिंधी घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग तो थांबला. तपासनीस बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळाला ग्रीस लागले होते आणि डोळे पाणावले होते.

"हातानं ठोकलेले आकडे! शेवटचा जरासा कललेला, कारखान्याच्या नोंदीत आहे अगदी तसाच. बाई, तुमची गाडी अस्सल आहे!"

दिराच्या हाताची घडी सुटली. "मी म्हणतच होतो! दादा शेवटी कुणाचा?"

बाईंच्या मुद्रेवर हास्य उमटले नाही. "मग रविवारी..."

"छे, छे! आता कसली शर्यत? नियमच आहे. घाटात फक्त नकला धावतात. आपटल्या तरी दुसऱ्या करता येतात. असं रत्न काचेआड ठेवायचं असतं."

बाईंनी भिंतीवरचे ग्राइंडर उतरवले, त्याचा प्लग लावला आणि त्या गाडीखाली शिरल्या. फरशीवर ठिणग्यांचा सडा पडला.

"वहिनी! अहो, तो नंबर!"

यंत्र थांबले. बाई बाहेर आल्या, उभ्या राहिल्या, आणि तपासनिसांच्या हातून जमिनीवर पडलेले पेन उचलून त्यांनी पुन्हा त्यांच्या हाती दिले.

"लिहा," त्या म्हणाल्या. "नक्कल."