नाव घेतल्यावर थांबायचं

"यंदाही वाचाल ना?" बाईंनी विचारलं.

निवेदकाने हातातला कप खाली ठेवला. दर वसंतात, याच आठवड्यात, बाई रेडिओ केंद्राचा जिना चढून येत आणि हेच विचारत.

"वाचणार की. न वाचता राहिलोय का कधी?"

"आणि नाव घेतलं की जरा थांबा. माझी पोर कुठे ना कुठे ऐकत असेल. तिला वेळ लागायचा बोलायला."

पुलाला शंभर वर्षं झाली त्या सोहळ्याच्या गर्दीत बाईंच्या हातातून लेकीचा हात सुटला होता. त्याच दिवशी पोरीचा चौथा वाढदिवस होता. कुणी म्हणे पाण्यात गेली, पण हाती काहीच लागलं नाही. सोहळ्याचं धावतं वर्णन याच निवेदकाने केलं होतं, आणि मुलगी हरवल्याची सूचनाही. पुढे त्याने बदली मागून घेतली, आणि स्वतःची लेक शाळेत जायला लागल्यावर तो बायको-मुलीला घेऊन परत आला; तेव्हापासून दरवर्षी वाढदिवसांच्या यादीत तो हरवलेल्या पोरीचं नाव वाचत होता.

केंद्रप्रमुख वैतागले होते. "अहो, वाढदिवसांत हरवलेली पोर? शुभेच्छा द्यायच्या आणि वर गप्प बसायचं? लोकांना वाटतं रेडिओच बंद पडला. यंदा ते नाव गाळा."

"मग मलाच गाळा," निवेदक म्हणाला. इतका गरीब माणूस हट्टाला पेटला म्हटल्यावर साहेबांनी हात टेकले.

घरीही हीच कटकट. "कशाला दरवर्षी खपली काढता?" सकाळी डबा देताना बायको पुटपुटली होती.

"त्या माउलीसाठी तेवढंच तर करता येतं मला."

बायकोने तोंड फिरवलं. या आठवड्यात ती घरात रेडिओ लावूच देत नसे. लेक कुरकुरायची, "सगळ्या गावाची नावं घेता, माझं कधी?" तो म्हणायचा, "तुझा वाढदिवस पानगळीत, तेव्हा घेऊ."

लाल दिवा लागला. त्याने आधी दिनविशेष सांगितले: घड्याळाच्या मनोऱ्याची आग, पहिली आगगाडी, पुलाचं उद्घाटन. मग वाढदिवस: नव्वदीतले पाववाले आजोबा, टपाल कचेरीतली जुळी. सगळ्यात शेवटी ते नाव.

आणि तो थांबला.

कानात नुसती खरखर. काचेपलीकडे बाई डोळे मिटून बसल्या होत्या, श्वाससुद्धा रोखून. त्याला दरदरून घाम फुटला. दरवर्षीच फुटायचा. त्या खरखरीतून कुणी बोलेल अशी भीती त्याला का वाटावी, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

कुणी बोललं नाही. बाई उठल्या. "पुढच्या वर्षी येते," म्हणाल्या. हात धरून त्याने त्यांना जिन्याखाली सोडलं.

दुपारी तो घरी पोचला तर बायको दारातच उभी, पांढरीफटक. "मी जरा बाजारात गेले," ती कसंबसं म्हणाली, "तेवढ्यात हिने रेडिओ लावला."

हात पुसत लेक बाहेर आली. हसायला बघत होती, पण जमत नव्हतं.

"बाबा, आज काय झालं सांगू? शेवटचं ते नाव कुणाचं, मला ठाऊकसुद्धा नाही. तुम्ही ते घेतलंत, थांबलात, आणि मी आतून ओ दिली."