शून्याचा फरक

"अगं, नव्याण्णव टक्के घेऊन इथं कशाला आलीस?" कुलगुरू देवस्थळींनी कपाळाला हात लावला.

शर्वाणीला तीन विद्यापीठांनी असंच परत पाठवलं होतं. हे चौथं, शेवटचं.

"इथं न शिकता तू काय होशील, ते टेबलावरचं हे यंत्र आधीच सांगतं. आम्ही त्यात किती भर घातली, त्यावर विद्यापीठांमध्ये आमचा क्रमांक ठरतो. तुझा फरक शून्य दाखवतंय."

बाहेर प्रवेश मिळालेल्या पस्तीस टक्केवाल्यांना पेढे वाटले जात होते.

"बरं, तुला काय येत नाही?"

शर्वाणीने बराच वेळ विचार केला. मग मान वर करून ती ठामपणे म्हणाली, "माहीत नाही, सर."

हे उत्तर तिने आयुष्यात प्रथमच दिलं होतं. यंत्रावरचं शून्य हललं.

"जा," कुलगुरू हसले, "पेढा घे."