नका की नकोस

रोझी मावशी भोपळ्याच्या भाजलेल्या बिया फोडत होती. तो आवाज सगळ्या थिएटरला ऐकू जात होता, एक तिला सोडून. लहानपणीच्या तापात तिचे कान गेले होते. तेव्हापासून ती समोरच्याचे ओठ वाचून बोलणं समजून घ्यायची.

"ही बया एवढी रडते," ती मोठ्यांदा म्हणाली, "मग हिचं नाक कसं लाल होत नाही?"

"बाई, बोलपट आहे हा," मागच्या रांगेतून औषधवाल्याची बायको म्हणाली. "बोलायचं काम पडद्यावरच्यांना करू द्या."

मावशीशेजारी बसलेल्या एटेल्काने मागे वळून तिच्या वतीने माफी मागितली. हातापाया पडून तिनेच मावशीला आणलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात सेग्लेडच्या स्टेशनातून पलटण डोन नदीवरच्या आघाडीकडे निघाली, तेव्हा सिनेमावाले कॅमेरा लावून उभे होते. खऱ्या गर्दीत त्यांनी आपली नायिका रडायला सोडली. तिच्या डोक्यावरच्या खिडकीतून घड्याळजी अंब्रुश बाहेर वाकला होता. तो एटेल्काकडे बघून काहीतरी म्हणाला आणि नेमकी तेव्हाच इंजिनाने शिटी दिली. आता जानेवारी सरला होता, आणि तोच सिनेमा गावात लागला होता. डोनकडून कुणाचीच खबर नव्हती. रेडिओ कधीही लावला तरी नुसतं संगीत वाजवायचा.

अंब्रुश रोज तिच्या टोप्यांच्या दुकानात यायचा. टोपी कधी घेतली नाही. 'एटेल्काबाई, तुम्ही आज दमलेल्या दिसता.' 'अंब्रुश, तुम्हीही.' गाडी त्यापुढे जात नव्हती. प्याल्याला प्याला भिडवून मगच 'तुम्ही'चं 'तू' करायचं, ही तिकडची रीत. पण आधी बाईने 'म्हणा' म्हणायचं असतं. एटेल्काच्या ओठांवर ते कितीदा तरी आलं, आणि तिथेच राहिलं.

पडद्यावर गाडी आली. एटेल्काने मावशीचा हात घट्ट धरला. बिया सांडल्या.

नायिका रुमाल हलवत होती. वर खिडकीत अंब्रुश दिसला. टोपी मागे सरकलेली, दाढी घाईत केलेली. ओठ हलले. शिटी वाजली. खिडकी पुढे निघून गेली.

एटेल्काने आपला चेहरा पडद्याच्या उजेडाकडे वळवला आणि आवाज न करता विचारलं, "काय म्हणाले?"

मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग खाली मांडीकडे.

एटेल्काने तिची हनुवटी वर उचलली. "सांगा ना."

"वाट बघू नकोस," रोझी मावशी म्हणाली. कुजबुजते आहे असं तिला वाटलं; शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेले.

थिएटरभर माना वळल्या. तिथे बसलेल्या बायकांपैकी निम्म्यांची माणसं त्याच गाडीने गेली होती. औषधवाल्याच्या बायकोचा मुलगाही गेला होता.

एटेल्का एकदम मावशीच्या तोंडासमोर वाकली.

"नकोस? की नका?"

"अं?"

"वाट बघू *नका* म्हणाले, की *नकोस*?"

"नकोस!" मावशी ओरडलीच. "डोळे धड आहेत माझे. नकोस म्हणाला तो. तुला न विचारता सरळ 'तू'वर आला मेला!"

मागे कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्याचाच हुंदका झाला.

पडद्यावर आता नायक आला होता. त्याने वाकून नायिकेच्या हातावर ओठ टेकले. "तुम्ही माझी वाट बघाल ना?" तो म्हणाला.

एटेल्काचं तिकडे लक्ष नव्हतं. मघाशी खिडकी जिथून निघून गेली, पडद्याच्या त्या कडेकडे ती बघत होती. गालांवरून पाणी वाहत होतं, तिने ते पुसलं नाही.

"तू कोण रे," ती हळूच म्हणाली, "मला सांगणारा?"