टाकी नसलेला ट्रान्सफॉर्मर

पंचवीस हजार व्होल्ट चढले, वर निळी ठिणगी कडाडली आणि रबाळ्याच्या त्या शेडमधलं सगळं बंद पडलं.

“संपलं,” प्रकल्पप्रमुख आशुतोष म्हणाला. “आज चाललं नाही तर गुंडाळा, असं वरून स्पष्ट सांगितलंय.”

रेल्वे इंजिनासाठी बनवलेला हा नवा ट्रान्सफॉर्मर जुन्या धुडापेक्षा कितीतरी हलका होता. तेलाची टाकी नाही, नुसते इलेक्ट्रॉनिक कप्पे. क्षिप्राने आणि तिच्या वडिलांनी, दिनानाथांनी, तो मिळून रचला होता. ते वारल्याला महिना झाला होता.

वीज तोडून, अर्थिंग लावून ती शिडीवर चढली. वरच्या पांढऱ्याशुभ्र इन्सुलेटरवर, वीज अडवणाऱ्या चिनीमातीच्या खांबावर, एक लाल ओघळ होता, कडेने जळून काळा पडलेला.

“हिरामणकाका, इथं कुंकू कुणी लावलं?”

घणसोलीचा हिरामण शेडमधला सगळ्यात जुना फिटर. तो मान खाली घालून पुढे आला.

“मीच. चालू करायच्या आधी दिनानाथसाहेब टाकीला लावायचे. आता साहेब नाय, म्हनून मी लावलं. पन ताई, हिला टाकीच नाय! पांढऱ्यावर उठून दिसंल म्हटलं.”

“अहो, पण थेट पंचवीस हजारावर?” आशुतोष ओरडला. “तेही ओलं?”

“सुकं उडून जातं ना.”

क्षिप्रा शिडीवरच हसली. स्वतःचा आवाज तिला क्षणभर अनोळखी वाटला.

“म्हणजे आत काही बिघडलेलं नाही, आशुतोष. ओल्या कुंकवातून वीज बाहेरच्या बाहेर उडाली.”

तिने स्पिरिटने इन्सुलेटर पुसला. पुन्हा पुसला. लाल झालेलं फडकं घडी करून खिशात ठेवलं. खाली उतरून हिरामणच्या हातातली वाटी घेतली आणि चाचणीच्या मोटरला जोडलेल्या इंजिनाच्या चाकावर, कडेला, एक ठसठशीत टिळा लावला.

“यापुढे इथं, काका.”

वीज सोडली. ठिणगी नाही. दिनानाथांची जुनी यंत्रं चालू झाली की पायाखालची फरशी घुमायची. आता फक्त एक बारीक शिट्टी ऐकू येत होती.

“चालू हाय ना, ताई?” हिरामणने हळूच विचारलं.

“चाकाकडे बघा.”

लाल ठिपका वर आला, खाली गेला. पुन्हा वर आला. मग इतक्या भरभर येऊ लागला, की त्या पोलादावर एक अखंड लाल वर्तुळ दिसू लागलं.