अडकलेला काटा

"जुळलं, सर!" मेंदूची प्रतिकृती बनवणाऱ्या केंद्रातला ऑपरेटर म्हणाला. दोन प्रवाह ताडून बघणाऱ्या ब्रिज-सर्किटच्या एका बाजूला अण्णांच्या मेंदूतून येणारा प्रवाह होता, दुसऱ्या बाजूला त्यांची प्रतिकृती भरलेली पेटी आणि मधल्या मीटरचा काटा शून्यावर, दोन्ही बाजू सारख्या. म्हणजे उद्या अण्णा नसले, तरी पेटी त्यांच्यासारखीच बोलणार होती.

जन्मभर पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत शिकवलेले अण्णा कपाळावरच्या तारांसकट पुढे वाकले. "एक बाजू मुद्दाम बिघडवा आणि काटा हलतो का बघा. अडकलेला काटासुद्धा शून्यच दाखवतो."

"अहो सर, रिटायर झालात ना आता!" ऑपरेटर हसला. त्याने काही बिघडवून पाहिलं नाही.

घरी येताना रिक्षा कुठल्या रस्त्याने न्यायची यावरून अण्णा आणि केंद्रात सोबत आलेली त्यांची मुलगी ऋजुता भांडले, रोजच्यासारखेच. दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णा झोपेतच गेले.

तेराव्यानंतर पेटी घरी आली. आवाज अण्णांचाच, मधेच खाकरणंही त्यांचंच. तरी ऋजुताच्या मनात पाल चुकचुकत राहिली. शेवटी तिने अण्णांचीच रीत वापरली.

"अण्णा, मी कॉलेज सोडतेय. लोकांच्या पत्रिका बघायला बसणार आहे."

"तुला योग्य वाटेल ते कर, बाळा."

ती ओरडा खायची वाट बघत राहिली. काटा हललाच नाही. मग तिने प्लग काढला आणि अण्णांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"अण्णा," ती म्हणाली, "तुमच्याशी भांडायला मला फार आवडायचं."