रापणीतली मुशी

किनाऱ्यावरून ओढलेल्या रापणीच्या जाळ्यात मुशी, म्हणजे लहान शार्क, जिवंत आली, तेव्हा शेवंताकाकी घमेलं घेऊन वाळूत उभीच होती. लेक नुकती माहेरी बाळंत झालेली, अंगावर दूध उतरत नव्हतं, आणि त्यावर मुशीच्या कालवणासारखं औषध नाही, हे अख्ख्या किनाऱ्याला ठाऊक.

"घे गो काकी, तुझ्या नशिबाची आसा," रापणकर दाजी म्हणाला.

समुद्र आणि आभाळ धुक्यात एकच झालं होतं. काकी वाकली. मुशीचं पोट टम्म होतं; मुशी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लंच देते. तिने हात ठेवला आणि आतून काहीतरी हळूच हललं. गेल्या महिन्यात लेकीच्या पोटात हललं होतं, अगदी तसंच.

"दाजी, सोड हिका."

"खुळावलंस काय? मगे तुझ्या चेडवाक काय वारो खावक घालतलंस?"

"अळीव आसत घरात. हिचा बाळंतपण कोण करतला, तू?"

दोघांनी तिला कमरेएवढ्या पाण्यात नेलं. क्षणभर ती काकीच्या हातांवर तरंगली, झोपेत कूस बदलावी तशी वळली आणि धुक्याखाली विरघळून गेली.

घरी लेकीने रिकामं घमेलं पाहिलं. "गावली नाय?"

"गावली गो. पण तीसुद्धा माहेराक इलेली, बाळंतपणाक."

बाळ झाल्यापासून लेक पहिल्यांदाच हसली, आणि तिने बाळाला पुन्हा छातीशी लावून पाहिलं.